डावा हात काय करतोय? जाझ पियानोच्या जुन्या रेकॉर्डी, एका वाजवणारीच्या कानाने

काळीपांढरी

इथे शास्त्रीय संगीतावर उत्तमोत्तम धागे आहेत, गझलेवर आहेत, आर. डी.वर तर विचारूच नका. जाझ पियानोवर मात्र शोधून एकही सापडला नाही, म्हणून हा प्रपंच.

आधीच सांगते, मी समीक्षक नाही, वाजवणारी आहे. पुण्यात कँपातल्या एका गोवेकर बाईंकडे पियानो शिकले, परीक्षा दिल्या, बाख-मोझार्ट वाजवले आणि जाझकडे बऱ्याच उशिरा वळले. त्यामुळे कोण थोर आणि कोण त्याहून थोर याची यादी इथे मिळणार नाही. रेकॉर्ड लावली की माझा कान सरळ डाव्या हाताकडे जातो. उजवा हात सगळ्यांनाच ऐकू येतो, टाळ्याही त्यालाच पडतात. पण १९२० ते १९६० ची जाझ पियानोची वाटचाल म्हणजे डाव्या हाताने एकेक काम कसं सोडून दिलं त्याची हकीकत आहे, असं माझं मत होत चाललंय. पटत नसेल तर खाली भांडा.

सुरुवात जेम्स पी. जॉन्सनपासून. 'कॅरोलायना शाउट', १९२१. त्या काळी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये घरभाडं जमवायला लोक घरातच पार्टी ठेवायचे, येणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, आणि एकटा पियानोवाला रात्रभर सगळ्यांना नाचवायचा. बास नाही, ड्रम नाहीत. म्हणजे सगळा भार डाव्या हातावर. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खाली खर्जात सूर, दुसऱ्या-चौथ्याला वर येऊन कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम. याला स्ट्राइड म्हणतात. करून बघा एकदा. हात सतत ये-जा करतो आणि पट्ट्यांकडे बघायला वेळ नसतो. जॉन्सन एवढ्यावर थांबत नाही. मधेच तो डाव्या हाताचे गट मोडून ३+३+२ करतो आणि तरी नाचणाऱ्याचा पाय चुकत नाही. ड्यूक एलिंग्टन तरुणपणी हा तुकडा शिकला तो पियानो रोल (आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायची भोकांची कागदी गुंडाळी) सावकाश फिरवून, आपोआप खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून. आज पोरं यूट्यूब निम्म्या वेगाने लावतात, तेच.

मग आर्ट टेटम. ओहायोतल्या टोलीडोचा. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने अगदी अंधुक. त्याचं १९३३ सालचं 'टी फॉर टू' ऐका. ७८ आरपीएमच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यात हा गृहस्थ एक साधी नाटकातली चाल भलत्याच कॉर्डांच्या गल्लीबोळांतून फिरवून परत दारात आणून सोडतो. डावा हात जॉन्सनसारखा स्ट्राइड करतोय असं वाटतं तोवर गायब होतो, दोन्ही हात मिळून वरून खाली एक लांबलचक तान सोडतात, आणि ठेका आपल्या कानात चालूच राहतो. हात परत येतो तो बरोबर मात्रेवर. पुढे स्वतः थोर पियानोवादक झालेल्या ऑस्कर पीटरसनला लहानपणी वडिलांनी टेटमची तबकडी ऐकवली तेव्हा त्याला दोघं जण वाजवताहेत असंच वाटलं. एकटाच आहे म्हटल्यावर त्याने बरेच दिवस पियानोला हात लावला नाही. मला तर टेटम ऐकला की रियाझ करावा असं नाही वाटत, पियानो ओएलएक्सवर टाकावा असं वाटतं.

आणि माझा लाडका एरोल गार्नर. 'कॉन्सर्ट बाय द सी'. १९ सप्टेंबर १९५५, कॅलिफोर्नियातलं कार्मेल. रेकॉर्ड काढायचा बेत नव्हताच. कुणीतरी टेप चालू ठेवला होता, तो गार्नरची मॅनेजर मार्था ग्लेझर हिने हस्तगत केला आणि कोलंबिया कंपनीने बाजारात आणला. पियानो धड सुरात नाही, बास कुठल्यातरी लांबच्या खोलीतून आल्यासारखा, आणि तरी ती तुफान खपली. गार्नरला नोटेशन वाचता येत नव्हतं. त्याचा डावा हात गिटारवाल्यासारखा मात्रेमात्रेला कॉर्ड खरडत जातो, लय रेसभरही हलत नाही. उजवा हात मात्र मागे रेंगाळतो. 'आय विल रिमेंबर एप्रिल'च्या सुरुवातीला हा नक्की कुठली चाल वाजवणार याचा काही पत्ता लागू देत नाही, नुसता गडगडाट. मग एकदम चाल उघडते आणि उजवा हात डाव्याच्या मागून, अजिबात घाई न करता येतो. हे ऐकायला सोपं आहे. वाजवताना दोन बारांतच (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट) माझा डावा हात उजव्याची वाट बघायला लागतो आणि सगळा डोलारा खाली येतो.

पॉवेल, मंक, एव्हान्स पुढच्या प्रतिसादात. हात दुखले टंकून.

नुसताचऐकणारा

वाचनखूण साठवली. गार्नर आत्ताच लावला. मधेमधे कुणीतरी घुमतंय, कण्हतंय, ते कोण?

काळीपांढरी

तोच! वाजवताना घुमायची सवय होती त्याला. सवय होते आपल्यालाही.

खडूसकाका

लेखन आवडलं, पण प्रामाणिकपणे सांगतो. मला जाझ म्हणजे हॉटेलच्या लॉबीत वाजतं ते. सुरुवातीला एक चाल, शेवटी तीच चाल, आणि मधली आठ मिनिटं प्रत्येक जण आपापल्या घरी. मधे नक्की काय चालतं हे कुणी साध्या मराठीत सांगेल का? भांडायला आलो नाही, खरंच विचारतोय.

ठेकाधरी

काका, मी तबल्याच्या बाजूने सांगतो. मलाही असंच कळलं.

चाल सुटते, आवर्तन सुटत नाही. चालीखाली कॉर्डांचं जे चक्र असतं तेच फिरत राहतं. बरीचशी जुनी गाणी ३२ बारांची, म्हणजे चारच्या लयीत १२८ मात्रांचं एक आवर्तन. ब्लूज असेल तर १२ बार, ४८ मात्रा. एकेक वादक दोन-चार आवर्तनं घेतो आणि पुढच्याला देतो. आपल्याकडे समेवर सगळे मान डोलावून कबुली देतात, इथे सम कुणी दाखवत नाही, म्हणून आपण हरवतो.

मोजायला सगळ्यात सोपं 'सो व्हॉट', ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं. पहिले १६ बार डी हा सा धरून काफी थाट. पुढचे ८ बार तोच थाट अर्ध्या सुराने वर. शेवटचे ८ परत खाली. संपलं. तो 'वर चढलो' आणि 'खाली आलो'चा क्षण पकडा. एकदा पकडलात की लॉबी सुटली तुमची.

खडूसकाका

मोजत ऐकलं. दुसऱ्या आवर्तनातच हरवलो. पण वर चढल्याचं कळलं बुवा, आणि कळलं तेव्हा बरं वाटलं. उद्या परत.

काळीपांढरी

ठेकाधरी, हे मला इतकं नीट सांगता आलं नसतं. 'सो व्हॉट'मध्ये सुरुवातीला बास प्रश्न विचारतो आणि पियानो दोन कॉर्डांत उत्तर देतो, ते वाजवणारा बिल एव्हान्स. खालून वर ई-ए-डी-जी-बी, आणि तोच आकार एक सूर खाली आणून डी-जी-सी-एफ-ए. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. घरी कीबोर्ड असेल त्याने आत्ता दाबून बघावं: खालचे दोन सूर डाव्या हाताने, वरचे तीन उजव्याने. लगेच रेकॉर्डसारखं वाजतं, फुकटचा आनंद.

आता राहिलेलं.

बड पॉवेल. 'उन पोको लोको', मे १९५१, ब्लू नोट कंपनी. ड्रमवर मॅक्स रोच, त्याने एक काऊबेल असा वेडावाकडा लावलाय की पहिल्यांदा ऐकताना शेजारी काम चालू आहे असं वाटेल. या तुकड्याचे तीन टेक (म्हणजे मुद्रणाचे तीन प्रयत्न) उपलब्ध आहेत आणि तिन्ही ओळीने ऐकण्यासारखे, कारण तिसऱ्यात त्या गोंधळाला एकदम आकार येतो. पॉवेलकडे डावा हात जवळजवळ रिटायर होतो. फक्त दोन सूर, मूळ सूर आणि सातवा, किंवा तिसरा आणि सातवा, तेही मात्रेवर नाही, उजव्या हाताच्या वाक्याला विरामचिन्ह दिल्यासारखे मधेच. ठेका द्यायला बास-ड्रम आहेत ना, मग मी कशाला? असा रोकडा हिशेब. उजवा हात मोकळा सुटला तो चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनसारखा पळायला लागला.

मग एव्हान्स. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड. तळघरातला क्लब. दुपारी दोन आणि रात्री तीन, असे पाच सेट त्या दिवशी टेप झाले. बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशियन. त्यातून 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या दोन रेकॉर्डी निघाल्या. ग्लासांचा किणकिणाट, गप्पा, हसणं सगळं आत आहे. पंधरा-वीस फुटांवर हे तिघं वाजवताहेत आणि कुणीतरी खुशाल खिदळतंय!

६ जुलैला, अकराच दिवसांनी, लाफारो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता. एव्हान्स त्यानंतर काही महिने जवळपास काहीच वाजवू शकला नाही.

इथे डावा हात मूळ सूर वाजवतच नाही. डी मायनरच्या कॉर्डमध्ये डी नाही. ती जागा लाफारोसाठी सोडलेली असते, आणि लाफारो मनात आलं तर तिथे येतो, नाहीतर वरच्या पट्टीत जाऊन एव्हान्सशी बोलत बसतो. दोघांनीही न वाजवलेला सा आपल्या डोक्यात वाजत राहतो. तंबोऱ्याच्या षड्जावर वाढलेल्या कानाला सुरुवातीला हे अधांतरी वाटतं. मला वाटलं होतं. 'माय फूलिश हार्ट'चं पहिलं मिनिट फक्त डाव्या हाताकडे लक्ष देऊन ऐका: चार-चार सुरांच्या कॉर्डी, एकीतून दुसरीत जाताना बोटं जेमतेम पट्टीभर सरकताहेत. जॉन्सनचा हात जिथे अर्धा कीबोर्ड तुडवत होता, तिथे हा एका वितीत सगळं करतो.

अपवादही त्याचाच. 'पीस पीस', १९५८. सहा मिनिटांहून जास्त वेळ डावा हात दोनच कॉर्ड आळीपाळीने वाजवतो, एकदाही बदलत नाही. तंबोरा हवा होता ना? घ्या.

सव्यसाची

धागा फर्मास, पण तुमचा सिद्धांत मंकपाशी फुटतो. थेलोनियस मंकने काय सोडलं? त्याचं एकट्याचं वादन ऐका, १९६५ चं 'सोलो मंक'. चक्क हार्लेमचा स्ट्राइड वाजवतोय, जेम्स पी. जॉन्सनच्या गल्लीतला. तोही बीबॉप (१९४० च्या दशकातला वेगवान, नव्या वळणाचा जाझ) घडवणाऱ्यांपैकी एक, पॉवेलचा दोस्त आणि थोडाफार गुरूही. तुम्ही जॉन्सन ते एव्हान्स अशी सरळ रेघ मारली आणि मंकला सोयीने 'पुढच्या प्रतिसादात' म्हणत गाळलात. :)

दुसरं, अहमद जमाल. त्याचा डावा हात कामं सोडत नाही, तो दोन्ही हातच बाजूला ठेवतो. १६ जानेवारी १९५८, शिकागोचं पर्शिंग हॉटेल, 'बट नॉट फॉर मी'. त्यातलं 'पॉइनसियाना' आठ मिनिटांचं आहे आणि त्यात जमाल किती वेळ गप्प असतो बघा. इझ्रायल क्रॉस्बीचा बास आणि व्हर्नेल फोर्निएचा तो ठेका हेच गाणं, जमाल वरून मीठ भुरभुरवतो. ती रेकॉर्ड बिलबोर्डच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे होती. तेव्हाचे समीक्षक तिला कॉकटेल संगीत म्हणाले, आणि माइल्स डेव्हिस आपल्या पियानोवाल्याला म्हणत होता की जमालसारखं वाजव.

काळीपांढरी

मंक माझ्या सिद्धांतात बसत नाही, खरं आहे. तो कुणाच्याच बसत नाही, म्हणून मी त्याला वेगळं ताट मांडणार होते.

पियानोवर मींड नाही. गळ्याला, सारंगीला, सॅक्सोफोनला दोन सुरांमधली जागा मिळते, आम्हाला बारा खिळे ठोकून दिलेत. ब्लूजचा तिसरा सूर ना कोमल ना शुद्ध, त्या मधल्या फटीतला. मंक काय करतो, शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो आणि एक चटकन सोडतो. कानाला भास होतो की सूर वाकला. सपाट बोटं, बोटात भलीथोरली अंगठी, आणि बघणाऱ्याला वाटतं की याला शिकवलं नाहीये कुणी. करून बघा! कुठली पट्टी आधी सोडायची, किती जोरात, यावर सगळा खेळ. चुकलात तर नुसता मांजराने कीबोर्ड ओलांडल्याचा आवाज येतो.

माझ्या मते मंकचं सर्वांत शिकण्यासारखं रेकॉर्डिंग १९५७ च्या 'थेलोनियस हिमसेल्फ'मध्ये आहे. नंतरच्या आवृत्तीत 'राउंड मिडनाइट'ची जवळपास २२ मिनिटं दिली आहेत, टेक लागेपर्यंतची सगळी खटपट. स्वतःची रचना, ब्लू नोटसाठी १९४७ मध्येच वाजवलेली. आणि दहा वर्षांनी हा माणूस त्याच कॉर्डपाशी थांबतो, मधला एक सूर काढून बघतो, पुन्हा लावतो, नाही म्हणतो, पुन्हा. मला हे तयार टेकपेक्षा जास्त आवडतं.

जमालबद्दल शंभर टक्के सहमत. माइल्सचा पियानोवाला रेड गार्लंड, त्याचं तेव्हाचं वादन ऐकलं की माइल्सचा तो हट्ट ऐकूही येतो.

ध्वनीवेडा

वाजवणाऱ्यांच्या गप्पांत हा रेकॉर्ड करणारा नाक खुपसतो.

'सो व्हॉट' जुन्या एलपीबरोबर वाजवून बघितलंय का कुणी? पियानो सुरात असूनही जमत नाही. २ मार्च १९५९ च्या सेशनला एक टेप यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी बाजारात किंचित चढी ऐकू आली. तीसेक वर्षांनी, १९९० च्या दशकात, दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून हे दुरुस्त झालं. तोवर जगभरच्या कितीतरी पियानोवाल्यांनी स्वतःच्या ट्यूनरला शिव्या घातल्या असणार.

दुसरं, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर. ब्लू नोटच्या निम्म्याअधिक कीर्तीचा धनी. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरल्या वेळात न्यूजर्सीत हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचा. १९५९ मध्ये एंगलवूड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. त्याचा सॅक्सोफोन, त्याचे ड्रम, जवाब नाही. पियानो मात्र खोक्यात बंद करून वाजवल्यासारखा, वरच्या पट्टीची चमक कापलेली. काही लोकांना तोच 'ब्लू नोट आवाज' म्हणून प्रिय आहे. मला नाही. सॉनी क्लार्कचं 'कूल स्ट्रटिन' (१९५८) ऐका आणि लगेच पीटरसनचं 'नाइट ट्रेन' (डिसेंबर १९६२ मध्ये मुद्रित). वादक थोर दोघेही, पण दुसऱ्यात पियानोचं झाकण उघडल्यासारखं वाटतं. चांगल्या हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर डावा हात ऐकूच येत नाही, मग या धाग्याचा उपयोग काय?

म्हापशेकर

मुंबईचा एक धागा इथे जोडायलाच हवा. तो वरच्या 'डाव्या हाता'शी थेट जुळतो.

टेडी वेदरफर्ड. १९२० च्या दशकात शिकागोतला नावाजलेला पियानोवाला. अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगबरोबर असायचा. १९२६ चं 'स्टॅटिक स्ट्रट' मिळालं तर ऐका, पियानो त्याचाच. तरुण पियानोवादक अर्ल हाइन्सवर त्याची छाप होती असं जाणकार मानतात. हा माणूस अमेरिका सोडून शांघायमार्गे पूर्वेकडे आला, १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, आणि पुढे कलकत्त्याला गेला. १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. शिकागोचा स्ट्राइड डावा हात अपोलो बंदरावर ऐकू येत होता, विचार करा.

आमच्या गोव्याची पोरं त्या वातावरणात तयार झाली. पॅरिशच्या शाळेत सोल्फेज (डो-रे-मी म्हणत स्वरलेखन गाणं) आणि व्हायोलिन शिकलेले, नोटेशन पाण्यासारखं वाचणारे. चिक चॉकलेट म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेटवाला, पुढे आपल्या सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा चितळकरांबरोबर 'अलबेला'त. आणि पियानोचाच विषय आहे तर लुसिला पाशेको. मिकी कोरियाच्या ताजमधल्या बँडमध्ये पियानोवर ही बाई होती, नंतर फिल्मी वाद्यवृंदातही. तिचं नाव किती जणांना माहीत आहे?

काळीपांढरी

म्हापशेकर, देव बरें करूं! माझ्या बाई तिचं नाव घ्यायच्या. यावर वेगळा धागा काढाच.

ब्लूनोटवाला

पियानोवाला कीथ जॅरेट कुठे? त्याची 'कोल्न कॉन्सर्ट' नाही म्हणजे यादी अपूर्ण.

सव्यसाची

आला. प्रत्येक धाग्यात कोल्न येतंच. सुंदर आहे, मान्य, पण त्याला जाझ म्हणावं का? पंधरा-पंधरा मिनिटं एकाच कॉर्डवर झुलत राहायचं याला माझा आक्षेप आहे.

ब्लूनोटवाला

आक्षेप नोंदवला. :) पण तो झुलतो का, ते तरी बघा. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलोनचं (कोल्न म्हणजे हेच शहर) ऑपेरा हाउस, कार्यक्रम रात्री उशिरा. आयोजक व्हेरा ब्रांडेस, वय अवघं १८. हवा होता बोझेंडॉर्फर कंपनीचा मोठा पियानो, रंगमंचावर आला सरावाचा छोटा पियानो, पेडल धड चालत नाही, वरची पट्टी पत्र्यासारखी, खर्जाला दम नाही. जॅरेट नाहीच म्हणत होता. शेवटी वाजवलं. म्हणून तो मधल्या सप्तकात राहतो आणि म्हणून डावा हात तीच आकृती पुन्हा पुन्हा रेटत राहतो, खर्जाचा गुंजारव मिळत नाही तो अशा रेट्याने भरून काढायला. धागाकर्तीच्या विषयात याच्याइतकं चपखल उदाहरण नाही.

ध्वनीवेडा

+१. खराब पियानोवरच्या थोर रेकॉर्डींचा वेगळाच धागा होईल. गार्नर आहेच.

काळीपांढरी

जाझ आहे की नाही या वादात मी पडत नाही, वाजवायला मिळालं की झालं. जॅरेटने त्याचं लिखित नोटेशन बऱ्याच वर्षांनी छापू दिलं, तेही रेकॉर्ड हाच शेवटचा शब्द मानावा या अटीवर. माझ्याकडे आहे. पहिली दोन पानं सोपी वाटतात, मग कळतं की डावा हात एकसारखा वाजतच नाहीये, दर वेळी जोर वेगळ्या सुरावर.

जॅरेटला २०१८ मध्ये दोनदा पक्षाघात झाला आणि डावा हात गेला. पीटरसनलाही १९९३ मध्ये झटका आला, त्याचाही डावाच हात अधू झाला. तो पुन्हा मंचावर आला आणि उरलेली वर्षं मुख्यतः उजव्या हातावर वाजवत राहिला. मी ते नंतरचं पीटरसन मुद्दाम ऐकते. बास आणि गिटार डाव्याची कामं कशी वाटून घेतात ते ऐकण्यासारखं आहे.

सव्यसाचींसाठी, डाव्या हाताने सोडलेलं पुन्हा उचललं कुणी? मकॉय टायनर. 'द रिअल मकॉय', १९६७, त्यातलं 'पॅशन डान्स'. खाली खर्जात पाचव्या सुराची जोडी हाणतो, पियानोची चौकट हादरते, आणि हात वर येऊन चौथ्या-चौथ्याने रचलेल्या कॉर्डी. स्ट्राइडचाच वंशज, फक्त रागावलेला. (हेही व्हॅन गेल्डरकडेच मुद्रित झालंय, ध्वनीवेडा, आणि इथे त्याचा पियानो मला आवडतो.)

मधलासी

मी अगदी नवशिका. ६१ पट्ट्यांचा कॅसिओ आहे. हे सगळं वाचून मान गरगरली. सुरुवात कुठून करू? ऐकायला आणि वाजवायला दोन्ही.

सव्यसाची

ऐकायला 'नाइट ट्रेन'. पीटरसन त्यात स्वतःला आवरून वाजवतो, गाणी छोटी, आणि शेवटचं 'हिम टू फ्रीडम' पहिल्या ऐकण्यातच पकडतं. टेटमपासून सुरू करू नका, कॅसिओ विकाल.

आणि धीर हवा असेल तर सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचं 'जायंट स्टेप्स', १९५९. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, पहिल्या प्रतीचा वादक. कॉर्डी त्याला आधी दाखवल्या होत्या, पण एवढ्या वेगाने वाजवायचंय हे कळलं ते स्टुडिओत. त्याचा सोलो ऐका, वाक्यं तुटतात, शेवटी नुसत्या कॉर्डी उरतात. तशीच छापली रेकॉर्ड. १९८२ मध्ये त्याने तेच गाणं स्वतःच्या त्रिकुटाबरोबर वाजवलं, सगळे हिशेब चुकते करून.

काळीपांढरी

मधलासी, वाजवायला हे घ्या. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, डाव्या हाताने.

मधल्या सीच्या खालच्या एफपासून एफ-ए-सी-ई. ही डी मायनर. डी वाजवायचा नाही.
आता फक्त सीवरचं बोट एक पट्टी खाली, बीवर. एफ-ए-बी-ई. ही झाली जी सेव्हन. बाकी तीन बोटं जागेवर.
आता बीवरचं बोट तसंच ठेवा आणि उरलेली तिन्ही एकेक पट्टी खाली: ई-जी-बी-डी. ही सी.

पहिल्या दोन एकेक बार, तिसरी दोन बार. पेडल नको. कॅसिओवर मूळ सूर द्यायला कुणी नसेल तर मोबाइलवर डी, जी, सी रेकॉर्ड करून मागे लावा, तो तुमचा लाफारो. एवढं जमलं की 'वॉल्ट्झ फॉर डेबी' लावा, आणि बोटं न हलवता ऐका.

मधलासी

दुसरी कॉर्ड जमली! एकच बोट हललं आणि एकदम 'तसं' वाजलं. तिसरीला करंगळी ऐनवेळी एफवरच अडकून बसते.

काळीपांढरी

करंगळी सगळ्यांचीच अडकते. तिसरी निम्म्या लयीत करा आणि मनगट किंचित बाहेर वळवा. उद्या मोबाइलवर रेकॉर्ड करून इथे टाका, बघू.

खडूसकाका

टाकाच. मी आवर्तन मोजतो.